बर्फात जाताय? ग्लोव्ज घ्यायचे का मिटन, हे आधी ठरवा

डिसेंबर लागला की आपल्या कोल्हापुरातनं हिमालयात केदारकांठा, औली, गुलमर्ग, सोलंग अशा बॅचेस निघायला लागतात आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, हातात काय घालू. जॅकेटसाठी आणि बुटासाठी माणसं दहा दुकानं फिरतात, पण हातमोजे मात्र जायच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेला स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडनं लोकरीचे उचलतात, आणि बर्फात पहिल्यांदा हात टेकला की ते भिजतात, मग पुढचे चार दिवस डोंगर बघायचा सोडून बोटंच बघत बसावं लागतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी.

ग्लोव्ज म्हणजे पाच बोटांचे, हे सगळ्यांना माहीत आहे. मिटन म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच पिशवीत. तान्ह्या बाळाला नखं लागू नयेत म्हणून पिशवीसारखे मोजे घालतो ना, साधारण तसंच, फक्त अंगठ्याला वेगळी जागा. मधला एक प्रकार पण मिळतो, अंगठा वेगळा, तर्जनी वेगळी आणि उरलेली तीन एकत्र, त्याला लॉबस्टर किंवा ट्रिगर म्हणतात.

आता थंडी किती, ते आधी डोक्यात बसू दे, कारण आपल्याला अंदाजच नसतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, जानेवारीत पहाटे पारा १४-१५ ला आला की आपण शेकोट्या पेटवतो. केदारकांठ्याचा माथा ३,८१० मीटर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे नुसत्या उंचीचा हिशोब धरला तरी वीस-एकवीस अंश गेले, आणि वर तो उत्तरेचा हिवाळा, पहाटेची वेळ आणि वारा. वारा काय करतो ते पहाटे बाईकवरनं पन्हाळ्याला जाणाऱ्याला सांगायला नको, वाघबीळ ओलांडेपर्यंत बोटं अशी आखडतात की क्लच दाबताना कळतंय. ते पण १५ डिग्रीत. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, तर दुसऱ्या टप्प्यात जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो, दहा मिनिटांपूर्वी चहा पीत होता आणि एकदम अफरवत डोंगराच्या वाऱ्यात उभे.

पायरी १: हात काय काय करणार आहेत, ते मोजा

बहुतेक ठिकाणी तुम्हाला सांगतील की मिटन जास्त गरम आणि ग्लोव्जमध्ये काम चांगलं होतं, त्यामुळे लई थंडी असेल तर मिटन घ्या. ते खरं आहे. चार बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात आणि बाहेरच्या हवेला लागणारा पृष्ठभाग कमी होतो, ग्लोव्जमध्ये प्रत्येक बोट एकटं पडतं आणि चारी बाजूंनी गार होतं. पण यात एक गोष्ट राहून जाते आणि मला ती स्वतःच्या बोटांवर शिकावी लागली.

पहिल्यांदा केदारकांठ्याला गेलो तेव्हा माझ्याकडे चांगले जाड मिटन होते, आत ऊब अशी की कॅम्पवर घाम यायचा. माथ्यावर जायला आम्ही रात्री तीनच्या सुमारास निघालो, हेडटॉर्चच्या उजेडात, आणि तासाभरात माझ्या डाव्या बुटाचा मायक्रोस्पाइक सुटला, तो म्हणजे बुटावर चढवायचा जाड रबर आणि त्याच्याखाली स्टीलची साखळी आणि काटे. मिटन घालून ते रबर बुटाच्या टाचेवर ओढता येईना, पकडच बसत नव्हती. दोन्ही मिटन काढले, आत दुसरं काही नव्हतं, उघड्या हातानं गोठलेलं स्टील धरून पाच-सहा मिनिटं खटपट केली. काम झालं, मिटन परत घातले आणि वाटलं आता होतील हात गरम. नाही झाले. ऊन वर येईपर्यंत नाही झाले, शेवटी गाईड भैय्यानं माझे हात त्याच्या जॅकेटच्या आत काखेत धरून ठेवले तेव्हा कुठं बोटं माझी वाटायला लागली.

कारण मिटन काय किंवा ग्लोव्ज काय, स्वतः ऊब तयार करत नाहीत, हाताची ऊब धरून ठेवतात. हात एकदा गार पडला आणि गार पिशवीत गेला की ती पिशवी फक्त गारवा सांभाळते. म्हणून माझं म्हणणं असं की, कुठलं जास्त गरम हा पहिला प्रश्न नाहीच, पहिला प्रश्न हा की ते मला तासाला किती वेळा काढावं लागणार. तासाला दहा वेळा काढावा लागणारा मिटन हा न काढता चालणाऱ्या मध्यम ग्लोव्जपेक्षा थंड पडतो.

तेव्हा एक कागद घ्या आणि लिहा. चेन लावणे, बकल लावणे, बाटली उघडणे, मायक्रोस्पाइक, बुटाची नाडी, मोबाईल, चिक्की फोडणे, नाक पुसणे. हो, नाक पण लिहा, थंडीत ते सारखं वाहतंय. ज्यांना तंबाखू मळायची सवय आहे त्यांनी तर ती सगळ्यात वर लिहावी, कारण त्याला दोन्ही हात उघडे लागतात आणि वर निकोटिननं बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे दोन्हीकडनं नुकसान. तिकडं गेल्यावर तेवढे दिवस बंद ठेवा, मनापासून सांगतोय.

पायरी २: खेळ कोणता, त्यावर ठरवा

स्कीइंग शिकायला जाणार असाल, औलीचा सात दिवसांचा किंवा चौदा दिवसांचा कोर्स म्हणा किंवा गुलमर्गला, तर पहिले तीन दिवस तुम्ही पडणार आणि उठणार, पडणार आणि उठणार. प्रत्येक वेळी दोन्ही हात मनगटापर्यंत बर्फात जातात. त्यामुळे नवशिक्याला ऊब पाहिजेच पण त्याहून आधी वॉटरप्रूफ पाहिजे आणि मनगट झाकणारा लांब कफ पाहिजे, जो जॅकेटच्या बाहीवरनं चढतो आणि वर दोरीनं आवळता येतो. काठ्या धरायच्या, बूट स्कीमध्ये बसवायचे, बुटाची बकलं ओढायची, हे सगळं असतंय, म्हणून शिकणाऱ्याला मी पाच बोटांचे ग्लोव्ज सांगतो. फक्त ज्यांची बोटं मुळातच लवकर गार पडतात त्यांनी सरळ मिटन घ्यावेत, काठी मिटनमध्ये पण व्यवस्थित धरता येते. आणि कोर्समध्ये आपला नंबर यायची वाट बघत उभं राहणं खूप असतं, बोटं गार पडतात ती तेव्हा, खाली घसरत येताना नाही.

स्नोबोर्डला काठ्या नसतात, त्यामुळे तिथं मिटन चांगले चालतात, पायाचे पट्टे मोठे असतात ते मिटन घालून पण ओढता येतात. मात्र बोर्डवर नवीन माणूस हातावर पडतो आणि मनगट दुखावून घेतो, म्हणून मनगटाला रिस्ट गार्ड घालणार असाल तर तो घालूनच साइज बघा.

बर्फातला ट्रेक म्हणजे दोन वेगळे खेळ आहेत असं समजा. दिवसा चढ चढताना अंग तापलेलं असतं, तेव्हा पातळ ग्लोव्ज पुरतात, जाड घातले तर आत घाम आणि घाम म्हणजे पाणीच. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं ऊब ओढून घेतं, त्यामुळे आतनं भिजलं काय आणि बाहेरनं भिजलं काय, बोटाला सारखंच. पहाटेचा समिट, म्हणजे माथ्याची चढाई, आणि माथ्यावरचं थांबणं हा दुसरा खेळ, तिथं मिटन.

लहान पोरांना स्लेज, ट्यूब, बर्फात खेळणं यासाठी डोळे झाकून मिटन घ्या. पाच वर्षांच्या पोराची पाच बोटं पाच कप्प्यात घालता घालता तुमचेच हात गार पडतील.

पायरी ३: पातळ लायनर. हा चुकवू नका

या सगळ्या लेखातनं एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. लायनर म्हणजे आत घालायचे पातळ पाच बोटांचे मोजे, मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे, बोटाला चिकटून बसणारे. वरचा मिटन काढला तरी हात उघडा पडत नाही. त्यात चेन लागते, बकल लागतं, तर्जनीला टचस्क्रीनचं टोक असेल तर फोटो पण निघतो. दोन जोड न्या, एक अंगावर आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा. कॉटनचे अजिबात नकोत, ते पाणी धरून ठेवतात आणि वाळत नाहीत.

आता मी ट्रेकला जाताना आत लायनर, वर सैल मिटन, आणि चढासाठी एक मध्यम ग्लोव्ज बॅगेत वरच्या खिशात, असं नेतो. त्या पहाटेला लायनर असता तर ती पाच-सहा मिनिटं मला आज आठवली पण नसती.

पायरी ४: साइज

कापड मोजायची टेप घ्या, अंगठा सोडून पंजाभोवती गुंडाळा, बोटांच्या मुळाजवळ जिथं हात सगळ्यात रुंद असतो तिथं, आणि इंचात बघा. आठच्या आसपास आलं तर साधारण मीडियम, नऊ आलं तर लार्ज, पण कंपनीप्रमाणे फरक पडतो म्हणून त्यांचा तक्ता बघाच. उजवा हात मोजा, डावखुरे असाल तर डावा, कामाचा हात थोडा मोठा असतो.

घालून बघताना लायनर आत घाला. मूठ आवळा. बोटाच्या टोकापुढं अर्धा-पाऊण सेंटीमीटर जागा उरली पाहिजे आणि मूठ आवळल्यावर पंजावर ताण यायला नको. आपल्याकडे सगळ्यांना फिट्ट बसलेलं आवडतं, पण इथं घट्ट म्हणजे वाईट. रक्त फिरत नाही आणि आतलं अस्तर दाबलं जातं, खरी ऊब त्या अस्तरात अडकलेल्या हवेत असते. उलट फार सैल असेल तर काठीची पकड जाते. मिटनमध्ये मात्र आत मूठ आवळता येईल एवढी जागा असू दे, कारण थांबलेलं असताना अंगठा पण आत घेऊन मूठ करून बसता येतं.

अंगठी आणि बांगड्या घरी ठेवा. माझ्या बहिणीनं औलीला हातात दोन बांगड्या ठेवल्या होत्या, कफ नीट बसेना, बांगडीच्या फटीतनं बर्फ आत आणि मनगटावर वितळून पाणी लायनरमध्ये. अंगठीचं तर आणखी वाईट, उंचीवर बोटं सुजली की ती निघत नाही.

पायरी ५: दुकानात काय बघायचं

बाईकचे ग्लोव्ज चालतील का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. नाही चालत. ते घासण्यापासून आणि पडण्यापासून वाचवायला असतात, बहुतेकांना हवा जायला भोकं असतात आणि अस्तर नसतं.

बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा पाहिजे, आत गोअर-टेक्ससारखा पडदा असेल तर उत्तम, तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही पण घामाची वाफ बाहेर सोडतो. त्याच्या आत थिन्सुलेट किंवा प्रायमालॉफ्टसारखं सिंथेटिक अस्तर चांगलं, कारण थोडं भिजलं तरी ऊब ठेवतं. पिसांचं अस्तर कोरड्या कडाक्याच्या थंडीत सगळ्यात गरम, पण भिजलं की गोळा होऊन बसतं, नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये. तळव्याला शक्यतो बकऱ्याचं चामडं बघा, काठी, दोरी, लिफ्टचा बार यानं नुसतं कापड लवकर झिजतं.

मनगटाला दोरीचा फास आहे का ते बघा. मिटन काढला की तो हातावर लोंबत राहिला पाहिजे. वाऱ्यात उडालेला मिटन उतारावरनं खाली जातो आणि तो कुणी आणून देत नाही. फास नसेल तर घरी बुटाची नाडी शिवून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. अंगठ्यावर मऊ कापड लावलेलं असेल तर ते नाक पुसायला असतं, लाजू नका.

भाड्याने घेणार असाल, केदारकांठ्याच्या पायथ्याला संकरीला किंवा औलीखाली जोशीमठला मिळतात, तर आत हात घालून बोटांच्या टोकापर्यंत चाचपा. ओलसर लागले, वास आला किंवा आतलं अस्तर सुटून हात काढताना बाहेर येत असेल तर दुसरा जोड मागा. अस्तर एकदा उलटं बाहेर आलं की पहाटे अंधारात पाच बोटं परत सरळ करणं होत नाही. शेवटच्या दिवसावर सोडू नका, पहिल्यालाच बदलून घ्या. लायनर मात्र स्वतःचेच पाहिजेत.

पायरी ६: घरी परातीत बर्फ घेऊन ट्रायल

कोल्हापुरात बर्फ पडत नाही पण बर्फ मिळतो. रसाच्या गाड्याला जिथनं लादी येते तिथनं अर्धी लादी आणा, पोत्यात घालून कुटा आणि परातीत भरा. लायनर घाला, वर ग्लोव्ज किंवा मिटन घाला, आणि दोन्ही हात त्या चुऱ्यात दाबून दहा मिनिटं बसा, हात न हलवता. त्यानंतर हात बाहेर काढून आतला लायनर गालाला लावा. ओलावा लगेच कळतो. शिवणीतनं पाणी आलं असेल तर कुठल्या बोटातनं आलं ते पण कळतं आणि बदलून घ्यायला वेळ असतो.

मग हात गार असतानाच बॅगेचं बकल लावा आणि काढा, जॅकेटची चेन वरपर्यंत ओढा, बाटलीचं झाकण उघडा, मायक्रोस्पाइक असतील तर बुटावर चढवा. जे मिटन घालून जमत नाही ते लायनरवर करून बघा. आमच्या घरी आम्ही हे तिघांनी मिळून घड्याळ लावून केलं होतं. चेनला लोंबणारी दोरी बांधली की मिटन घालून पण ओढता येते, हे आम्हाला असं परातीपुढं बसूनच सुचलं, तेव्हापासून सगळ्या जॅकेटच्या आणि बॅगेच्या चेनला दोऱ्या आहेत.

पायरी ७: तिथं गेल्यावर

हात गरम असतानाच हातमोजे घाला, तंबूतनं बाहेर पडायच्या आधी. मिटन काढला की बर्फावर ठेवू नका, जॅकेटच्या आत छातीशी ठेवा. चढ लागला आणि घाम येतोय वाटलं की लगेच पातळ ग्लोव्जवर या.

हात गार पडायला लागले तर आधी टोपी आणि जॅकेट बघा. अंग गार पडलं की शरीर छाती-पोटातल्या अवयवांकडे रक्त वळवतं आणि बोटांचं कमी करतं, त्यामुळे नुसते जाड मोजे घालून भागत नाही. खायला घ्या, गूळ-शेंगदाण्याची चिक्की खिशातच असू दे. मग हात सरळ ठेवून खांद्यातनं गोल गोल फिरवा, पंख्यासारखे, वीस-तीस वेळा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत ढकललं जातं. दारूनं ऊब येते हे डोक्यातनं काढून टाका, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि अंगातली ऊब बाहेर जाते.

हँड वॉर्मरच्या पुड्या मिळतात, त्यात लोखंडाची पूड असते, हवा लागली की ती गंजते आणि गंजताना उष्णता सोडते. म्हणून तिला हवा लागते. पाकीट फोडून पंधरा-वीस मिनिटं आधी उघड्यावर ठेवा, मग मिटनमध्ये घाला. घट्ट ग्लोव्जमध्ये कोंबली तर हवा मिळत नाही आणि तापत नाही, वर हात आणखी आवळतो. थेट कातडीवर नको, भाजू शकतं, आणि झोपताना तर नकोच.

संध्याकाळी हातमोजे शेकोटीजवळ वाळत घालू नका. सिंथेटिक आक्रसतं, आणि चामड्याचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको, भिजलेली कोल्हापुरी चप्पल उन्हात टाकली तर काय होतं ते प्रत्येक घरानं बघितलंय. आतला थर सुटा असेल तर बाहेर काढा, बर्फ झटका, लायनर रात्री अंगाजवळ कपड्यात ठेवा, वरचे मोठे हातमोजे स्लीपिंग बॅगेत पायाशी.

बोट बधिर झालं तर

दुखत होतं आणि एकदम दुखायचं थांबलं, हे बरं लक्षण नाही. हातमोजा काढून बघा, टोक पांढरट, राखाडी किंवा मेणासारखं दिसत असेल आणि दाबल्यावर कळत नसेल तर थांबा आणि बरोबरच्या माणसाला, गाईडला लगेच सांगा. ओलं काढा, आडोशाला जा, हात काखेत घ्या, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. चोळायचं नाही, बर्फानं तर अजिबात नाही. शेकोटीवर धरायचं नाही, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. कॅम्पवर कोमट पाणी असेल तर ३७ ते ३९ अंश, बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपरानं बघतो तेवढं, आणि ते पाणी दुसऱ्यानं बघावं. बोट कडक झालं असेल आणि परत थंडीत चालायचंच असेल तर मध्येच गरम करू नका, एकदा सुटून पुन्हा गोठलं तर नुकसान जास्त होतं, खाली उतरा आणि डॉक्टरला दाखवा. फोड आले तर फोडू नका.

इथं कोल्हापुरातच पहाटे गाडीवर किंवा गार पाण्यात ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात त्यांनी जायच्या आधी डॉक्टरांशी बोला आणि ग्लोव्जचा विचार सोडून मिटनच घ्या.

परत आल्यावर

लायनर हातानं धुवा. मोठे हातमोजे ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत, तोंड खाली करून टांगा, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून. चामड्याच्या तळव्याला मधमाशीचं मेण हलक्या हातानं चोळा, चपलेला लावतो तसं भरपूर तेल नको, चामडं ढिलं पडतं. पाणी मोत्यासारखं उभं राहायचं थांबलं आणि कापड ओलं दिसायला लागलं की वॉटरप्रूफचा स्प्रे मिळतो तो मारून घ्या. आणि आपला पाऊस विसरू नका, जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या चामड्यावर बुरशी येतेच, म्हणून कापडी पिशवीत घालून उंचावर ठेवा आणि पावसात मध्येमध्ये ऊन पडलं की एकदा काढून वारं द्या.